कोशर

खाऊच्या पाकिटावर ‘हलाल’ असा शिक्का तुम्ही पाहिला असेल. काही पाकिटांवर ‘कोशर’ असेही लिहिलेले असते. ‘कोशर म्हणजे ज्यू लोकांचे हलाल’, असे मुले मला सांगतात. हे अर्धेच बरोबर आहे. हलाल म्हणजे परवानगी असलेले; हिब्रू भाषेतल्या ‘कोशर’चा मूळ अर्थ आहे ‘योग्य’.

डुकराचे मांस आणि रक्त दोन्हीकडे वर्ज्य. पण उंट आपल्याला चालतो, त्यांना चालत नाही. मासा खवले आणि पर असलेलाच हवा; म्हणजे कोळंबी बाद! मांस आणि दूध ते एकत्र शिजवीत नाहीत, एकत्र खातही नाहीत. आपल्या कोकणातले बेने इस्राएल हे मराठी बोलणारे ज्यू. ते मटणाच्या रश्श्यात नारळाचे दूध घालतात. ते काही गाईम्हशीचे नव्हे! नियम पाळला जातो आणि चवही राहते. मला ही युक्ती फार आवडते. आपली दही घातलेली मटण बिर्याणी मात्र त्यांना चालणार नाही. असा पाहुणा घरी आला तर आग्रह करू नका. विचारून रावस तळा.

हा शब्द स्वयंपाकघराबाहेरही फिरतो. तोराच्या हस्तलिखित प्रतीत एक अक्षर गळले, तरी दुरुस्त होईपर्यंत ती कोशर नसते. इंग्रजी बोलणारे लोक तर संशयास्पद व्यवहारालाही ‘हे कोशर नाही’ म्हणतात. आपल्या घरी ‘हलाल की कमाई’ म्हणतात, तेव्हा तरी कुठे मांसाची गोष्ट असते? दुकानदाराने माप पुरे दिले का, हेच त्यात विचारलेले असते.