कोषातला जीव

कन्हानहून सहकुटुंब बंगळुरूस गेलो असता बन्नेरघट्टा येथील, २००६ साली उघडलेले फुलपाखरू उद्यान पाहिले. पारदर्शक घुमटाखालच्या दमट उबेत फुलपाखरे निर्धास्त विहरत होती. पानाखाली लटकलेला कोष दाखवून मी नातीस म्हणालो, "आतला जीव पूर्ण घडला की कोष फोडून बाहेर येतो."

"आजोबा, रेशमाच्या कोषातलाही?"

मी निरुत्तर झालो. धागा अखंड निघावा म्हणून तो कोष आतल्या जिवासह वाफवतात, उकळतात. सायंकाळी धाकट्या मुलाच्या लग्नासाठी रेशमी साड्या घ्यावयाच्या होत्या. सौभाग्यवतींनी यादी काढली, 'रेशमी' खोडून 'सुती' लिहिले.

बँकेत जन्मभर हिशेब तपासले. घरातली ही चूक मात्र नातीने दाखविली.