खोकं कुठे राहणार?

फेब्रुवारी सरत आला की स्खिपोल विमानतळावर एक वेगळीच गर्दी दिसायला लागते. बाहेर ॲमस्टरडॅममध्ये करडं आभाळ आणि बोचरा वारा, आणि आत पाल्माच्या विमानाच्या रांगेत लांबट, चपट्या पेट्या पुढे सरकवत उभी असलेली माणसं. पेट्यांमध्ये सायकली. पाल्मा आहे त्या मायोर्का बेटावर तेव्हा ऊन असतं, रस्ते कोरडे असतात आणि मुख्य म्हणजे तिथे डोंगर असतात. डच माणसाला डोंगराची केवढी ओढ असते, हे सह्याद्रीच्या पायथ्याशी वाढलेल्याला लवकर उमगत नाही. नेदरलँड्सच्या युरोपातल्या भूमीचं सर्वांत उंच टोक म्हणजे फाल्सरबर्ग, उंची ३२२ मीटर. अख्खं पुणं शहर याहून उंचावर वसलेलं आहे. इथला घाट म्हणजे वारा. त्याचीही यांनी शर्यत केली आहे. वादळी वाऱ्याचा अंदाज आला की ओस्टरस्खेल्डेच्या बंधाऱ्यावर, बिनगिअरच्या साध्या सायकलींवर, वारा तोंडावर घेत साडेआठ किलोमीटर जायचं!

इथे येऊन राहिलेली आपली माणसंही हळूहळू या नादाला लागतात. आधी ऑफिसला जायला जुनी जड सायकल येते, मग शनिवार-रविवारसाठी हलकी रेसिंगची येते, आणि दोन-तीन वर्षांत फोन येतो, ‘‘सुट्टीला सायकल घेऊन जायचं म्हणतोय. कोणती पेटी घेऊ?’’ यावर मी एकच विचारते : उतरल्यावर ती पेटी कुठे राहणार?

पेटी किती मजबूत आणि केवढ्याची, एवढंच बहुतेक जण बघतात. विमानातले काही तास डोळ्यांसमोर असतात, पुढचे आठ-दहा दिवस नसतात. ज्या विमानतळावर उतरणार तिथूनच परतणार की दुसऱ्याच गावाहून? मुक्काम एकाच हॉटेलात की रोज नव्या ठिकाणी? याचं उत्तर ठरलं की पेटीचं उत्तर आपोआप निघतं.

आता कडक कवचाच्या पेटीचं बघा. चाकं असलेली, कुलूप लागणारी, आत पट्टे. सायकल त्यात सर्वांत सुरक्षित राहते, यात वाद नाही. पण रिकामी पेटीच दहा-बारा किलोंची. सायकल आठ-नऊ किलोंची धरली, तर २३ किलोंच्या मर्यादेत हेल्मेट आणि बूट बसेपर्यंत काटा टोकाला जातो. काही कंपन्या ३२ किलोंपर्यंत घेतात, त्याहून जड एक नग मात्र सहसा कुणी घेत नाही. पुढे टॅक्सी. साध्या गाडीच्या डिकीत ही पेटी मावत नाही, आधीच मोठी गाडी सांगून ठेवावी लागते. आणि वर्षातले उरलेले दिवस ती ठेवायची कुठे? ॲमस्टरडॅमच्या जुन्या घरांतले जिने इतके अरुंद आणि उभे, की कपाटं-पलंग अजूनही दर्शनी भिंतीच्या आकड्याला दोर लावून खिडकीतून वर ओढतात. त्या घरात पेटी म्हणजे बिनभाड्याचा भाडेकरू. म्हणून माझं मत असं, की कडक पेटी विकत घेऊ नये, आठवड्यासाठी भाड्याने आणावी. बरीच सायकल दुकानं ती देतात.

मायोर्कालाच जायचं असेल तर मी आणखी एक पाऊल पुढे जाईन. सायकलच नेऊ नका. अल्कूदिया, पोर्ट दे पोयेन्सा या भागात भाड्याने सायकली देणारी दुकानं पावलोपावली आहेत, सायकली उत्तम असतात आणि विमानाचं येण्या-जाण्याचं सायकल-शुल्क धरलं तर हिशेब फारसा महाग पडत नाही. आपली पेडलं, बूट आणि जमलं तर सीट एवढं बॅगेत टाकावं. सा कालोब्राचा रस्ता अंगावर घ्यायला तेवढं पुरतं. अंतोनियो पारिएती या अभियंत्याने १९३२ साली हा रस्ता बांधला. समुद्राकाठच्या सा कालोब्रा वस्तीपासून साडेनऊ किलोमीटरची सलग चढण, सरासरी सात टक्के, आणि वरच्या टोकाला एका जागी रस्ता गोल फिरून स्वतःच्याच पुलाखालून जातो. आधी खाली उतरायचं आणि मग तेवढंच वर यायचं. त्या वळणावर पोचलेल्या माणसाला सायकल कुणाची, हा प्रश्न पडत नाही.

याला एक मोठा अपवाद आहे आणि तो आपल्या बायकांना विशेष लागू आहे. डच माणसं जगातल्या सर्वांत उंच लोकांत मोडतात, आणि इथल्या दुकानांत बहुतेक सायकली उंचांच्याच मापाच्या असतात. माझी एक मैत्रीण जेमतेम पाच फूट उंच आहे. तिला बेतशीर सायकल मिळायला कितीतरी दुकानं फिरावी लागली. भाड्याच्या दुकानातही सर्वांत लहान माप आधी संपतं. मोठ्या सायकलीवर रोज शंभर किलोमीटर काढले की खांदे आणि मान तिसऱ्या दिवशी बोलायला लागतात. अशा माणसाने आपलीच सायकल न्यावी, खर्च झाला तरी न्यावी.

आणि ज्यांचा मुक्काम रोज हलतो, त्यांच्यासाठी पुठ्ठ्याचं खोकं. ते फुकट मिळतं. नव्या सायकली कारखान्यातून अर्धवट जोडलेल्या, खोक्यातून येतात, आणि ती रिकामी खोकी दुकानदाराला नकोशी असतात. आमच्या गल्लीतल्या सायकलवाल्याला आठवडाभर आधी सांगितलं की तो एक चांगलं, न भिजलेलं बाजूला ठेवतो. घरी आणायला शेजारणीची बाकफिट्स मागायची. पुढे लाकडी पेटी असलेली तीनचाकी सायकल, एरवी तिच्यात तिची दोन मुलं आणि किराणा असतो. दीड मीटर लांबीचं खोकं त्यात उभं केलं की समोरचं काही दिसत नाही. मग एकाने चालवायची आणि दुसऱ्याने बाजूने चालत रस्ता सांगायचा.

बांधाबांधीला पहिल्यांदा दोन तास हाताशी ठेवावेत. आधी पेडलं. उजवं नेहमीसारखं सुटतं, डाव्याचे आटे उलटे असतात. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवलं तरच निघतं. हे माहीत नसलं की माणूस जोर लावत बसतो आणि ते आणखी घट्ट होतं. सीटचा दांडा काढण्यापूर्वी त्यावर चिकटपट्टीची खूण करावी, म्हणजे उतरल्यावर उंची शोधत बसावं लागत नाही. हँडल सोडवून वरच्या नळीला समांतर बांधायचं. पुढचं चाक काढलं की चिमट्याच्या (फोर्कच्या) दोन टोकांमध्ये प्लास्टिकची आडवी दांडी घालायची. दुकानदाराकडे त्या ढिगाने पडलेल्या असतात. ती नसेल तर वरून दुसऱ्या कुणाची सुटकेस पडली, की चिमटा दाबला जातो. डिस्क ब्रेक असतील तर पॅडच्या फटीत पुठ्ठ्याचा जाड तुकडा, कारण चाक नसताना चुकून ब्रेक दाबला गेला तर पॅड एकमेकांना चिकटून बसतात. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे मागचा डिरेलर, गिअर बदलणारा भाग. तो बाहेर आलेला असतो आणि पहिला मार त्यालाच लागतो. एक बोल्ट सोडवून, कपड्यात गुंडाळून, तो चेनसकट मागच्या चिमट्याच्या आत बांधून टाकायचा. नळ्यांना गरम पाण्याच्या पाइपावर चढवायची फोमची नळी घालावी. इथे घरोघरी हीटर असल्यामुळे ती हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात मिळते. चिकटपट्टीचं रीळ मात्र हातातल्या पिशवीत ठेवावं. सुरक्षा तपासणीत खोकं उघडायला लावलं, तर पुन्हा बंद करायला तेच लागतं.

टायरमधल्या हवेबद्दल फार भीती घातली जाते. जरा हिशेब करू. विमानाच्या पोटातही केबिनइतकाच दाब राखलेला असतो, म्हणजे साधारण समुद्रसपाटीच्या पाऊण पट. पाच-सहा बार भरलेल्या टायरवर त्यामुळे फरक पडतो तो पाव बारचा. तेवढ्याने चांगला टायर फुटत नाही. तरी बऱ्याच कंपन्यांचा नियम हवा काढायचाच आहे, म्हणून थोडी काढावी. सगळी काढू नये, कारण अर्धा फुगलेला टायर रिमला वाचवतो. बॅटरीवर चालणारी सायकल मात्र विसराच. १६० वॉट-तासांहून मोठी लिथियम बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही, आणि सायकलीच्या बॅटऱ्या सहसा ४००-५००च्या घरात असतात.

जुन्या, मुरलेल्या भटक्यांचा आणखी एक मार्ग आहे : जाड पारदर्शक प्लास्टिकची भलीमोठी पिशवी. विमानतळापर्यंत सायकल चालवत जायचं. स्खिपोलला तर ॲमस्टरडॅमच्या जंगलाकडून थेट सायकलचा रस्ताच जातो. तिथे पेडलं काढायची, हँडल वळवायचं, सायकल पिशवीत सरकवायची. आत काय आहे हे दिसलं, की सामान चढवणारा माणूस त्यावर दुसरं ओझं टाकत नाही, असा या लोकांचा विश्वास आहे. मलाही ते पटतं. बंद खोकं म्हणजे त्याच्या लेखी फक्त एक चौकोन असतो, पिशवीत त्याला सायकल दिसते. उतरल्यावर पिशवीची घडी घालून कॅरिअरला बांधली की ती परतीलाही कामाला येते. पण सगळ्या कंपन्या ही पिशवी चालवून घेत नाहीत. तिकीट काढण्यापूर्वी विचारावं, आणि त्याच वेळी सायकलची जागाही नोंदवावी. लहान विमानांत मोजक्याच सायकली घेतात, शेवटच्या क्षणी पैसे मोजूनही जागा मिळत नाही. स्कॉटलंड किंवा उत्तर इंग्लंडला जायचं असेल तर या सगळ्याची गरजच नाही. एयमाउडनहून रात्रीची बोट न्यूकॅसलला जाते आणि सायकल तिच्यात ढकलतच न्यायची असते.

नुकसानीबद्दलचा कायदा नीट समजून घ्यावा. आंतरराष्ट्रीय प्रवासात माँट्रियल करार लागू असतो. त्याप्रमाणे प्रवाशाच्या सामानाची भरपाई २०२४च्या डिसेंबरअखेरपासून जास्तीत जास्त १,५१९ एसडीआर (करारातलं हिशेबाचं एकक), म्हणजे ढोबळमानाने पावणेदोन हजार युरो. कार्बनच्या अनेक सायकली याच्या दुप्पट-तिप्पट किमतीच्या असतात, त्यांचा वेगळा विमा हवाच. मोडतोडीची लेखी तक्रार सात दिवसांत करावी लागते. म्हणून विमानतळ सोडण्यापूर्वी तिथेच खोकं उघडून पाहावं आणि बांधतानाचे फोटो फोनमध्ये असावेत. तीन दिवसांनी डोंगरात चिरलेली नळी दिसली, तर ती कुठे चिरली हे सिद्ध करणं कठीण जातं.

हे सगळं मी इतक्या कळकळीने लिहिते आहे, कारण माझ्या दृष्टीने सायकल नेण्याची सर्वांत सुंदर सुट्टी आपल्याच किनाऱ्यावर आहे. इथली बरीच मराठी माणसं डिसेंबरात घरी जातात, लग्नं आणि हॉटेलं यांत रजा संपते. त्यातले दहा दिवस काढून मुंबईहून गोव्यापर्यंत समुद्राकडेने जाऊन बघा. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडव्याला उतरायचं, अलिबाग, रेवदंडा, मुरूड करत आगरदांड्याहून दिघी. पुढे बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. या खाड्यांवर फेरीबोट, आणि फेरीबोटीत एसटीतून उतरलेली माणसं, दुचाक्या, मासळीच्या पाट्या यांच्यात आपली सायकल. खाडीतून वर सड्यावर चढणाऱ्या त्या छोट्या लाल घाट्या सपाट देशात सराव केलेल्या पायांना चांगल्याच झोंबतात. सोपे गिअर हवेत आणि जरा रुंद टायर.

या वाटेवर कडक पेटी चालत नाही. उतरणार मुंबईत, सायकल संपणार मडगावला. पेटी आणायला मागे कोण जाणार? जाताना पुठ्ठ्याचं खोकं, मुंबईतल्या नातेवाइकांकडे ते रद्दीत. मडगावहून परतताना कोकण रेल्वेच्या पार्सल खिडकीवर सायकल लगेज म्हणून नोंदवता येते, किंवा तिथेच नवं खोकं मिळवून विमान पकडता येतं. काही विमान कंपन्या सायकल तिकिटातल्या सामानातच धरतात, वेगळे पैसे घेत नाहीत; त्यात वजनाची आणि मापाची अट असते, एवढं पाहून घ्यावं.

अडतं ते फक्त त्या दुसऱ्या खोक्यापाशी. म्हणून रत्नागिरी, सावंतवाडी, पणजी, मडगाव इथल्या गिअरच्या सायकली विकणाऱ्या दुकानदारांना एक विनंती आहे. आलेल्या खोक्यांतली एक-दोन फाडून रद्दीत घालू नका, माळ्यावर उभी करून ठेवा, आत ती प्लास्टिकची दांडीही असू द्या. आणि दुकानाबाहेर खडूने एक ओळ लिहा, की सायकलचं खोकं मिळेल. त्याचे शंभर-दोनशे रुपये जरूर घ्या.