तांबड्या मातीतली आतली मेहनत

कोल्हापुरास गेलात की अंबाबाईचे दर्शन घ्याच. पण पहाटे एखाद्या जुन्या तालमीतही डोकवा. कोपऱ्यात मारुती, समोर हळद, ताक, तेल मुरवलेली तांबडी माती.

पूर्वी नव्या पोराला वस्ताद लगेच डाव शिकवीत नसत. आधी आखाडा उकरायचा, श्वास सांभाळून जोर-बैठका मारायच्या, लंगोटाचा नेम पाळायचा. दम आणि मन कसाला उतरले, मगच डाव. शाहू महाराजांनी उभारलेले खासबाग मैदान १९१२ साली पुरे झाले. तिथे पाठ लागेपर्यंत कुस्ती चाले. कच्च्या दमाचा गडी उघडा पडे.

आता गादीवर सहा मिनिटांत गुणांवर निकाल लागतो. दोष गादीचा नाही. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक गादीवरच मिळवले. पण अंगातली रग मातीत कमावलेली होती. आज पोरांना महिन्यात डाव हवा आणि दंड फुगवायला डब्यातली भुकटी. आतली मेहनत मागे पडली.

पोराला तालमीत धाडाल तेव्हा वस्तादांना डावांचे नको, दमाचे विचारा. नांगरट उथळ असेल, तर नुसत्या खतावर पीक तग धरत नाही.