द्वादशीची भरती

आमच्या स्वयंपाकघरात टांगलेल्या दिनदर्शिकेवर दुधाच्या हिशोबाच्या जोडीने आणखी एक खूण असते. शुद्ध आणि वद्य, दोन्ही पक्षांतल्या एकादशी-द्वादशीभोवती मी पेन्सिलीने गोल काढून ठेवते. येणाऱ्या-जाणाऱ्यांना ते उपासाचे वाटतात. आम्ही त्या दिवशी आक्षीच्या किनाऱ्यावर पाखरं बघायला जातो. आम्ही म्हणजे मी आणि तांबू.

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा आमच्या अलिबागकडचा जुना हिशोब. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. मिनिटांपर्यंत वेळ हवी असेल तर कोष्टक मोबाइलवर मिळतं, पण महिन्याची आखणी करायला पाऊणपट पुरते. सकाळी नवाची भरती मला हवी असते, कारण आमचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळचं ऊन पाठीमागून येतं आणि थेट पाखरांच्या अंगावर पडतं. संध्याकाळी तीच पाखरं चमकत्या पाण्यासमोर नुसत्या काळ्या आकृत्या होतात, पिसांचा रंग काही कळत नाही. शिवाय ओहोटीला पाणी लांब गेलेलं असलं की पाखरं ओल्या पुळणीवर दूरवर पांगतात. भरती चढू लागली की पाणीच त्यांना हळूहळू आपल्याकडे घेऊन येतं. म्हणून सातला जाऊन बसायचं, आणि पुढचं समुद्रावर सोपवायचं.

किनाऱ्यावरच्या पक्षिनिरीक्षणात वेळेवर पोचणं आणि मग जागचं न हलणं, ही दोन कामं मुख्य. पहिलं मला पंचांगाने शिकवलं. दुसरं शिकायला चौदा वर्षं लागली, आणि ते तांबूने शिकवलं.

चौदा वर्षांपूर्वी दिवाळीनंतरच्या एका सकाळी सुरूच्या बनाकडेला, मर्यादवेलीच्या जाळीत, ती मला सापडली. ओंजळीत मावेल एवढी, तांबूस, कान पडलेले. गावठी कुत्री सहसा लवकर मोठी होतात, तशी तीही झाली, आणि सहा महिन्यांत अख्खा किनारा तिचा झाला. खेकड्यांची बिळं उकरायची, लाटेच्या फेसावर भुंकायचं आणि पाखरांचा थवा दिसला की वाऱ्यासारखं सुटायचं. दोन-तीनशे पाखरं एकदम उठायची, वळताना सगळ्यांची पांढरी पोटं एकाच क्षणी चमकायची. मला ते दृश्य आवडायचं. मी त्या उडत्या थव्यांचे फोटोही काढले आहेत. आज ते बघवत नाहीत.

खुबे वेचायला येणाऱ्या एका म्हाताऱ्या कोळणीने मला थांबवलं. पाटी डोक्यावरून उतरवून ती म्हणाली, "बाय, तुजी कुत्री पाखरांना जरा बसू देत नाय. पावन्यांना कोन असा हाकलतं?" त्यावर मला उत्तर सुचलं नाही. घरी येऊन वाचू लागले, आणि ती बोलली त्यातलं अक्षर न् अक्षर पटलं.

ज्यांच्यामागे तांबू धावत होती त्यांतले बहुतेक चिखल्या होते. चिमणीपेक्षा थोडं मोठं, जेमतेम ५०-६० ग्रॅमचं पाखरू. हिमालयापलीकडे, तिबेट-पामीरच्या पठारांवर ते अंडी घालतं, आणि श्रावण-भाद्रपदापासून आमच्या पुळणीवर उतरू लागतं. चैत्रात परत जायच्या आधी त्याला अंगावर चरबी साठवावी लागते, कारण वाटेत तेवढीच शिदोरी असते. पाणटिवळ्याची एक जात आहे, शेपटीवर पट्टे असलेली. आमच्या कोकण किनाऱ्यावरही ती हिवाळ्यात दिसते. त्या जातीच्या एका पिल्लाने २०२२ मध्ये अलास्का ते टास्मानिया हे १३,५६० किलोमीटरचं अंतर ११ दिवसांत, कुठेही न उतरता कापलं. अंगावरच्या उपग्रह-यंत्रामुळे ते जगाला कळलं. असा प्रवास ज्याच्यापुढे आहे त्याला खायच्या वेळी उडवणं म्हणजे त्याच्या ताटातला घास काढून घेणं. भरती-ओहोटीच्या मधले चार-सहा तास त्याला खायला मिळतात, आणि त्यातच आम्ही तीन-तीनदा त्याला उठवत होतो. दुसऱ्या दिवसापासून तांबूच्या गळ्यात पट्टा आला. तिला तो आवडला नाही. वर्षभर ती ओढत राहिली आणि माझा उजवा खांदा दुखत राहिला.

तरीही मी स्वतः शिकले नव्हते. तांबू बांधलेली होती, पण मी तिच्यासकट चालतच होते. आक्षीपासून नागावच्या दिशेने तीन किलोमीटर जायचं, तेवढंच परत यायचं, वहीत जातींची संख्या वाढवायची. एका थव्याजवळ गेलं, तो उठला की पुढच्याकडे. माणसाची चाल पाखराला कुत्र्याइतकीच नकोशी असते, हे मला तेव्हा जाणवलं नव्हतं.

तांबू दहाची झाली आणि चाल आखडू लागली. बाराव्या वर्षी मागचे पाय थंडीत आखडायला लागले. डोळ्यांवर निळसर झाक आली, ऐकू कमी येऊ लागलं. पशुवैद्यांनी सांधेदुखीचं औषध दिलं आणि सांगितलं की चालवा, पण तिच्या मनाने. तिच्या मनाने म्हणजे सुरूच्या बनातून उतरायचं, मर्यादवेलीची हिरवी पट्टी ओलांडायची, आणि लाटांनी आणून टाकलेल्या एका जुन्या ओंडक्यापाशी जाऊन बसायचं. सगळी मिळून दोनशे पावलं. त्यापुढे ती जात नाही. मीही जाणं सोडलं.

पहिल्या हिवाळ्यात मला चुकल्यासारखं व्हायचं. दूर खाडीच्या तोंडाशी कुरव आणि सुरय यांची पांढरी रांग दिसायची, आणि मी ओंडक्यापाशी. पण साधारण तिसऱ्या खेपेला एक गोष्ट लक्षात आली. अर्ध्या तासाने पाखरं आम्हाला विसरतात. तांबू वाळूत पोट टेकून पडलेली, मी तिच्या पाठीला टेकून बसलेली, आम्हा दोघींचा मिळून एकच ठेंगणा ढीग. पाणी वर सरकलं तसा चिखल्यांचा थवा पन्नास पावलांवर आला, मग तीस, मग पंधरा. दुर्बीण खाली ठेवून नुसत्या डोळ्यांनी बघता येईल इतक्या जवळ.

तेव्हा मला पहिल्यांदा त्यांचं खाणं नीट दिसलं. चिखल्याचे डोळे डोक्याच्या मानाने मोठे आणि चोच आखूड. तो चार पावलं पळतो आणि गचकन थांबतो. मान किंचित तिरकी करतो. वाळूवर कुठे काही हललं का, ते बघतो. मग एकच टोच मारतो, आणि पुन्हा पळतो. त्याच्या शेजारी तुतवारांची टोळी होती, त्यांची तऱ्हा अगदी निराळी. तुतवार थांबत नाही. मान खाली घालून शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच वाळूत घालत, काढत पुढे जातो. त्याच्या चोचीच्या टोकाशी बारीक खळगे असतात आणि त्यांत स्पर्श ओळखणाऱ्या नसा. वाळूखालचा किडा त्याला दिसत नाही, चोचीला लागतो. एकाच हातभर पुळणीवर एकजण डोळ्यांवर जगतो आणि दुसरा चाचपून, म्हणून दोघांचीही पोटं भरतात. त्यांच्याही पलीकडे कोरल उभा असतो. त्याची बाकदार चोच १५ सेंटिमीटरपर्यंत भरते, आणि या दोघांना न पोचणाऱ्या खोलीतला खेकडा तो बाहेर काढतो.

हे बघताना माझा हात तांबूच्या पाठीवर होता. तिचं नाक हलत होतं. डोळे मिटलेले, कान निवांत, पण वारा समुद्रावरून वळला की नाकपुड्या आधी फुलायच्या आणि मग मान त्या दिशेला वळायची. पाखरं कुठे आहेत ते तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. मला वाटत आलं होतं की म्हातारपणाने तिचा किनारा हिरावून घेतला. त्या सकाळी कळलं की तिने फक्त रीत बदलली आहे. तरुणपणी ती चिखल्या होती, दिसेल त्यामागे पळणारी. आता तुतवार झाली आहे.

आक्षीच्या उत्तरेला, अलिबाग ओलांडून गेलं की किहीम लागतं. १९३० च्या सुमारास हातात नोकरी नसताना सालिम अली तिथे येऊन राहिले आणि सुगरणींच्या एकाच वसाहतीकडे महिनोन् महिने बघत बसले. सुगरणीचा नर अर्धं घरटं विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडलं तर त्यात नांदते, आणि नर पुढचं घरटं विणायला घेतो, हे त्यांना तिथे उलगडलं. ती झाडं त्याआधीही तिथेच होती, सुगरणीही होत्या, आणि खालून माणसं रोज जात होती. फक्त तिथे थांबून बघणारं कुणी नव्हतं. तांबूने मला दोनशे पावलांवर बसवलं तेव्हा किहीमच्या त्या झाडांची मला वारंवार आठवण झाली.

आता सुट्टीच्या दिवशी पुळणीवर गाड्या येतात, घोडागाड्या धावतात, मोकळी कुत्री थव्यांमागे सुटतात आणि मुलं टाळ्या वाजवत त्यांच्यामागे. मी त्यांच्याशी जाऊन बोलते. पट्टा आणला असेल तर बांधा म्हणते. थव्याने खाणं थांबवून माना वर केल्या की आपण फार जवळ आलो, हे त्यांना दाखवते. तिथेच थांबलं तर माना पुन्हा खाली जातात. आणखी एक पाऊल टाकलं तर थवा उडतो. मुलांना हे पटकन समजतं. दोघं-तिघं गुडघ्यांवर बसतात, आणि पाणी पाखरांना जवळ आणतं तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. तो कोळणीचा प्रश्न मी त्यांना तिच्याच शब्दांत विचारते.

चैत्रात पुळण रिकामी होत जाते. जाण्याआधी चिखल्यांच्या छातीवर विटकरी रंग चढतो, आणि मग एखाद्या द्वादशीला ते नसतात. पण सगळेच जात नाहीत. गेल्या वर्षी जन्मलेली, अजून वीण न करणारी काही पाखरं उन्हाळा-पावसाळा इथेच काढतात. त्यांना तो रंग येत नाही, ती मळकट आणि विरळ पिसांची दिसतात. पूर्वी ती माझ्या लक्षातही येत नसत, कारण हंगाम संपला म्हणून मी दुर्बीण कपाटात ठेवलेली असे.

या ज्येष्ठात पहिला पाऊस पडून गेल्यावर तांबूने दाराशी येऊन पट्ट्याला नाक लावलं, म्हणून गेले. समुद्र गढूळ, किनाऱ्यावर माणूस नाही. ओंडक्यापाशी पोचायला तिला वीस मिनिटं लागली. दोनदा वाटेत बसली. भरती चढली तशी अकरा चिखल्यांची एक टोळी आली आणि तांबूच्या पुढच्या पायांपासून आठ पावलांवर, वाऱ्याकडे तोंड करून, एका पायावर उभी राहिली. आम्ही सगळेच तिथे पाणी उतरायची वाट बघत राहिलो.

पूर्वी बघून झालं की मी उठायचे, आणि मी उठले की थवा उडायचा. त्या दिवशी तांबूचे पाय लगेच उचलत नव्हते, म्हणून मी बसून राहिले. पाणी मागे सरलं. पाखरांनी पंख ताणले, एकेक करून त्यांच्या नेहमीच्या चालीने, पळत आणि थांबत, ओहोटीमागे निघून गेली. मग तांबू उठली. चौदा वर्षांत प्रथमच आमच्यामुळे एकाही पाखराला उडावं लागलं नव्हतं.