होकायंत्राचा धडा

‘मला ठाऊक नाहीं’ हें वाक्य आमच्या सुशिक्षित घरांतून जवळजवळ हद्दपार झालें आहे. शाळेंत मुलाला प्रश्न विचारला कीं उत्तर आलेंच पाहिजे, आणि तेंही झटकन! उत्तर चुकलें तर एक वेळ चालतें; पण गप्प राहिलेला मुलगा ‘ढ’ ठरतो. वडील मंडळींची स्थितीही याहून निराळी नसते. परगांवीं वाट विचारावी, तर जिला ती ठाऊक नाहीं अशी व्यक्तीही मोठ्या आत्मविश्वासानें हात दाखवून आपणांस भलतीकडे पाठविते. म्हणूनच बालवीरांच्या शिक्षणांत नकाशा आणि होकायंत्र यांना जें स्थान आहे, त्याचें मला मोठें अप्रूप वाटतें. या विद्येचा श्रीगणेशाच मुळीं त्या हद्दपार वाक्यापासून होतो.

बेडन-पॉवेल यांनीं १९०७ सालीं ब्राउनसी बेटावर वीसएक मुलांना घेऊन आपला पहिला तळ ठोकला. पुढें त्यांतून उभ्या राहिलेल्या चळवळींत दिशा ओळखणें हा अभ्यासाचा भाग झाला. साधनें तशीं साधींच. भारतीय सर्वेक्षण विभागाचा नेहमींचा नकाशा घेतला, तर त्यावरचे २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर. आमच्या डोंगराळ मुलखांत दर २० मीटर उंचीस एक अशा समोच्चरेषा त्यावर काढलेल्या असतात. त्या दाटीवाटीनें उभ्या राहिल्या कीं समजावें, येथें कडा आहे. ऐसपैस पसरल्या कीं पठार.

होकायंत्राची सुई दाखविते ती चुंबकीय उत्तर, भूगोलाची खरी उत्तर नव्हे. ब्राउनसीच्या काळीं इंग्लंडांतील मुलाला या दोहोंमधील सुमारें १६ अंशांचा फरक हिशेबांत धरावा लागे. महाराष्ट्रांत आज तो एका अंशाहूनही कमी आहे. पण म्हणून निश्चिंत होण्याचें कारण नाहीं. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण स्वतःच थोडा चुंबकधर्मी आहे आणि वीज पडलेल्या खडकाजवळ सुई चांगलीच बहकूं शकते. पट्ट्याचें लोखंडी बक्कल किंवा खिशांतला मोबाइल जवळ आला तरी तिचें चित्त विचलित होतें! तेव्हां सुईवरही आंधळा विश्वास टाकूं नये, एकीची साक्ष दुसऱ्याकडून पडताळून घ्यावी, असें बालवीराला शिकवितात.

या शिकवणुकीची किंमत मला पावसाळ्याच्या अखेरीस एकदां विसापूरच्या किल्ल्यावर कळली. बालवीरांच्या एका तुकडीबरोबर आम्ही दोघेतिघे पालकही गेलों होतों. विसापूरचा माथा चांगला विस्तीर्ण आहे. परत फिरतों तों धुकें उतरलें, आणि दहा पावलांवरचें माणूस दिसेना. भाज्याची वाट शोधीत आम्ही बराच वेळ चाललों. तुकडीचा नायक तेरा वर्षांचा; तो एकाएकीं थांबला आणि शिक्षकांना म्हणाला, “सर, आपण नक्की कोठें आहोंत तें मला सांगतां येत नाहीं.”

“अरे, थांबतोस काय? सरळ चल, वाट समोरच असणार!” आमच्यांतले एक गृहस्थ म्हणाले. त्यांच्या आवाजांत कार्यालयांतला सगळा अधिकार होता.

मुलगा गोंधळला. त्यानें शिक्षकांकडे पाहिलें. ते कांहीं बोलले नाहींत. मग तो हळूच, पण स्पष्टपणें म्हणाला, “नको काका, थोडें थांबूं या.” त्यानें साऱ्यांना बसविलें. वीसएक मिनिटांनीं धुकें जरा फाटलें आणि एका बाजूस लोहगड दिसला. मुलानें होकायंत्र डोळ्यांपाशीं धरून त्याचा कोन वाचला आणि नकाशावरील लोहगडापासून उलटी रेघ ओढली. कांहीं वेळानें दक्षिणेस तिकोना उघडा पडला. त्याचीही रेघ निघाली. दोन रेघा जेथें एकमेकींस छेदून गेल्या, तेथें आम्ही बसलों होतों. त्या फुलीपुढें, सरळ समोर, समोच्चरेषा एकमेकींना अगदीं चिकटल्या होत्या. गृहस्थांनीं नकाशा पाहिला आणि ते बुटाची नाडी बांधूं लागले. आम्ही मुलाच्या मागून उलट दिशेनें चालूं लागलों.

हल्लीं मोबाइल आपली जागा निळ्या ठिपक्यानें क्षणांत दाखवितो. मग हा खटाटोप कशाला, असें कोणी विचारील. मोबाइल मोठ्या उपयोगाचा आहे खरा. पण तो उत्तर देतो. आपल्याला उत्तर येत नाहीं हें ओळखून थांबण्याची संवय कांहीं तो लावीत नाहीं. ती नसेल, तर निळा ठिपका नाहींसा होतांच माणूस पुनः “वाट समोरच असणार” म्हणूं लागतो.

आपलीं मुलें उद्यां आपल्या दृष्टीआड जाणार, आणि ज्या मुलखांतून त्यांना जायचें आहे त्यांतल्या कित्येकांचे नकाशे आपल्यापाशीं नाहींत. सोबतीला त्यांना देण्याजोगें कांहीं असेल, तर तें हेंच: थांबण्याचें धैर्य, आणि दोन खात्रीच्या खुणा शोधण्याचा धीर. त्याची सुरुवात घरींही होऊं शकेल. जेवतांना मुलगा किंवा मुलगी “मला ठाऊक नाहीं” म्हणाली, तर कपाळाला आंठी न घालतां एवढेंच विचारावें, “बरें, मग तें कसें शोधूं या?”