हंगामी नेमणुकीची पूर्वतयारी

जिल्हा परिषदेची ‘थेट मुलाखती’ची जाहिरात निघाली, की आंतरवासिता नुकतीच संपवलेली मुले-मुली माझ्याकडे येऊ लागतात. कागदपत्रांचे बाड त्यांनी नीट लावून आणलेले असते: वयाच्या पुराव्यासाठी शालान्त परीक्षेचे प्रमाणपत्र, वैद्यकाची पदवी, महाराष्ट्र वैद्यक परिषदेची नोंदणी, अधिवासाचा दाखला आणि या सर्वांच्या साक्षांकित नकला. जागा हंगामी, मुदत ११ महिन्यांची, मग एखाद्या दिवसाचा खंड देऊन झालीच तर फेरनेमणूक; आणि ठिकाण बहुधा मेळघाटातले, धडगावच्या डोंगरातले किंवा भामरागडच्या वाटेवरचे, जेथे कायम वैद्यकीय अधिकारी रुजू होताच बदलीचा अर्ज लिहावयास घेतो. ‘सर, समिती काय विचारील?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. आणि त्या प्रश्नामागची धास्ती मला आदरणीय वाटते, कारण आपली विद्या कसोटीला उतरेल की नाही याची चिंता तिच्यावर निष्ठा असणाऱ्यालाच पडते.

समितीचे प्रश्न बहुतेक ठरलेले असतात. सपाटीवर ३०,००० आणि डोंगरी-आदिवासी मुलखात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. लस २ ते ८ अंश तपमानात राखावयाची. नवजात अर्भकाला काविळीची लस २४ तासांच्या आत. अशा केंद्रांची कल्पना या देशात १९४६च्या भोर समितीने मांडली. ही उत्तरे मुखोद्गत असावीत, यात वाद नाही. परंतु मी त्यांना निराळीच तयारी करावयास सांगतो, आणि ती म्हणजे रुजू झाल्यानंतरच्या पहिल्या रात्रीची.

कायम नेमणुकीवर आलेल्या वैद्याला गाव ओळखावयास, परिचारिकेचा स्वभाव समजावयास आणि कोणत्या कपाटात काय आहे हे हाताला ठाऊक व्हावयास अवधी मिळतो. हंगामी वैद्याला तो मिळत नाही, पण रोगी मात्र दोघांकडेही तोच आणि तेवढ्याच संकटात सापडलेला येतो. म्हणून आषाढातली मध्यरात्र डोळ्यांपुढे आणावी, असे मी त्यांना सांगतो. जमिनीवर निजलेल्या एका शेतमजुराला पोटात दुखते म्हणून उचलून आणले आहे; अंगावर दंशाची खूण कोठे दिसत नाही, परंतु त्याच्या पापण्या क्षणाक्षणाने जड होत चालल्या आहेत. हा मण्यारीचा दंश असू शकतो, आणि आपण पोटदुखीचे औषध देऊन त्याला परत पाठवले, तर श्वास चालवणारे स्नायू दुबळे होऊन तो पहाटेपर्यंत जाईल. घोणस किंवा फुरसे चावल्याचा संशय असेल, तर शिरेतले दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यावे, ती नळी २० मिनिटे मुळीच न हलवता ठेवावी आणि मग तिरकी करून पाहावी. रक्त गोठले नसेल, तर विष त्यात भिनले आहे. या परीक्षेला प्रयोगशाळा लागत नाही, वीज लागत नाही. लागते ती काचेचीच नळी, प्लॅस्टिकची नव्हे, आणि तीही साबणाने न धुतलेली, कारण साबणाचा अंश राहिला तर रक्त निरोगी असूनही गोठत नाही. प्रतिविषाच्या कुप्या उघडण्यापूर्वी अ‍ॅड्रेनलिन सिरिंजमध्ये भरून हाताशी ठेवावे, कारण ज्याने प्राण वाचावयाचे त्या औषधानेही कधी कधी प्रतिक्रिया येते. झटके येणाऱ्या गर्भिणीला दोन्ही नितंबांत प्रत्येकी पाच ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आधी, आणि मोठ्या रुग्णालयाकडे रवानगी मग. हा क्रम तोंडी म्हणून नव्हे, हात हलवून गिरवावा. अशी रात्र मनात जो अनेकवार जगून आला आहे, त्याच्या उत्तराला समितीपुढे आपोआप एक स्थैर्य येते, आणि जिल्हा शल्यचिकित्सकांच्या जाणत्या कानाला ते तत्काळ ओळखू येते.

छोट्या केंद्रात विद्या गंजते, अशी खंत कोणी व्यक्त केली, की मी डॉ. हिंमतराव बावस्करांचे नाव घेतो. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करीत असताना विंचूदंशाने माणसे दगावताना त्यांनी पाहिली. रोग्याच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचा थंडावा यांच्या नोंदी ते ठेवीत गेले, आणि पुढे रक्तदाबावरील प्राझोसिन या साध्या गोळीने कोकणातल्या त्या मृत्यूंना आळा घातला. त्यांचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकाने छापले. ज्याच्यापाशी वही आहे आणि रोग्यापाशी बसण्याची इच्छा आहे, त्याला ११ महिनेही थोडे नव्हेत, असे मला मनापासून वाटते.

वेतन, निवास, करारातली कलमे यांविषयी संकोच न बाळगता विचारावे. एवढे सांगून मी तो विषय सोडतो. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो मुलाखतीच्या शेवटचा क्षण, जेव्हा अध्यक्ष ‘आपल्याला काही विचारावयाचे आहे काय?’ असे म्हणतात आणि बहुतेक उमेदवार नम्रपणे नकारार्थी मान हलवून उठतात. त्या वेळी उठू नये. प्रतिविषाचा साठा केंद्रात किती असतो, रुग्णवाहिकेचा चालक रात्री मुक्कामाला असतो काय, सर्वांत जवळचे रक्त कोठे मिळते, कोणत्या पाड्यांचा रस्ता पावसाळ्यात तुटतो आणि तेथल्या आशा कार्यकर्तीशी संपर्क कसा साधावा, हे सर्व विचारावे. आणि आपल्या आधी त्या जागेवर असलेले वैद्य अजून जिल्ह्यातच असतील, तर नेमणुकीचा हुकूम हाती पडण्याची वाट न पाहता त्यांचा पत्ता मागून घ्यावा. कोणत्या पाड्यावर कोणती स्त्री आठव्या महिन्यात आहे आणि कोणाचे क्षयाचे औषध अर्ध्यावर आले आहे, ते दप्तरात शोधण्याआधी त्यांच्याच तोंडून ऐकावे.