धुक्याचा फोटो

आमच्या शाळेच्या ऑफिसात बरीच वर्षे काश्मीरचे एक कॅलेंडर टांगलेले होते. बर्फाने भरलेला नदीकाठ आणि त्यावर धुके. असा एक फोटो आपणही काढावा, ही आमची जुनी हौस. पण वऱ्हाडात बर्फ कुठला? चिखलदऱ्याला एखाद्या हिवाळ्यात गवतावरचे दव गोठते, तेवढेच. खाली पूर्णेच्या खोऱ्यात पांढरे म्हणजे फुटलेला कापूस, नाहीतर खारपाणपट्ट्यातल्या जमिनीवर फुललेले मीठ.

धुके मात्र आमच्या हक्काचे. जानेवारीत रात्री आभाळ निरभ्र असले की हवा झटकन गारठते, नदीचे पाणी त्यामानाने उबदार राहते आणि पहाटे पूर्णेतून वाफ निघावी तसे धुके उठते. ऊन चढले की विरते.

सुरुवातीचे आमचे सगळे फोटो राखेच्या रंगाचे आले. कॅमेरा समोरचे सारे करडे धरूनच उजेड मोजतो, हे नंतर उमगले. धुके असो की बर्फ, पांढरे पांढरे दिसायला उजेड थोडा वाढवून द्यावा लागतो.

घरी या छंदाचे कौतुक नव्हते. अम्मी तसवीर नाजायज मानायची. डिजिटल फोटोबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत, असे आम्ही सांगून पाहिले. "तेरे उलेमा तेरे पास," ती म्हणाली. आधार कार्डासाठी कॅमेऱ्यासमोर बसली, तेवढीच. नदी, झाडे, धुके यांना तिची हरकत नव्हती. आम्ही त्यांच्याकडे वळलो, त्यामागे हेही एक कारण असावे.

२०१९ च्या जानेवारीत अकोटची खाला आजारी पडली. अम्मीला मोटारसायकलवर बसवून आम्ही अकोल्याहून अंधारातच निघालो. गांधीग्रामजवळ धुक्याने रस्ताच दिसेना. पूर्णेच्या पुलाशी थांबलो. अम्मीने काठावर वजू करून फजर अदा केली. आम्हीही केली आणि मग पिशवीतून कॅमेरा काढला. तेवढ्यात शाल सावरत ती चढ चढून वर येऊ लागली. कॅमेरा बाजूला करायला हवा होता. आम्ही बटण दाबले.

तिने मागच्या पडद्यावर वाकून पाहिले. "इसमें मैं कहाँ?"

"ये काला सा है ना, वो."

"चेहरा तो नहीं है," ती म्हणाली. "फिर ये धुंद का फोटो है, मेरा नहीं."

२०२१ मध्ये अम्मी गेली. ज्या जुन्या पुलाशी आम्ही थांबलो होतो, तोही २०२२ मध्ये तडा गेल्यामुळे वाहतुकीला बंद झाला.

परवा भाच्याने तो फोटो पाहिला. म्हणाला, "मामू, आधार कार्ड दो. मोबाईलवर नानीचा चेहरा यात साफ आणून देतो, आता सगळं होतं." घरात सगळ्यांनाच ते हवे होते. खरे सांगायचे तर आम्हालाही. कार्ड कपाटातून काढलेही. त्यावरचा तिचा नाइलाजाने बसलेला चेहरा पाहिला आणि परत ठेवले.

तिने इजाजत दिली होती ती धुक्याच्या फोटोला. तेवढीच आमच्याकडे आहे. भाचा अजून रुसलेला आहे.